उजवीकडचं बेअरिंग

फोन आला तेव्हा मी एका इमारतीच्या पंपाच्या खड्ड्यात उतरलो होतो. मोटर नुकतीच जागेवर ठेवली होती. बायको ज्या शाळेत ग्रंथपाल होती, तिथल्या मुख्याध्यापिका बोलत होत्या. "बाई खुर्चीतच कोसळल्या. दवाखान्यात नेलंय. तुम्ही लगेच या."

"आलोच," म्हणालो, आणि मोटरचे चार बोल्ट आवळून मगच वर आलो. चक्कर आली असेल असं वाटलं. आदल्याच दिवशी ती सायकलवर टेकडी चढून आली होती. दवाखान्यात डॉक्टरांनी आधी मला बसायला सांगितलं. तेव्हा कळलं.

याला सात महिने झाले. तेव्हापासून तिची सायकल बाल्कनीत उभी होती. डोंगरातल्या वाटांवर चालवायची, मागच्या चाकालाही धक्के झेलणारा शॉक असलेली. पन्नाशी उलटल्यावर तिने ती घेतली तेव्हा मेहुणी म्हणाली होती, "ताई, या वयात लोक गुडघ्याचे पट्टे घेतात."

"तू घे पट्टे. मी तुला मागे बसवून नेईन," ही म्हणाली.

दर रविवारी ती सायकलवाल्यांच्या ग्रुपबरोबर टेकडीवर जायची. परत आली की सायकल मी धुवायचो. छोटा पंप लावून, जोराच्या फवाऱ्याने. चिखलाचा कण राहू द्यायचो नाही. तिच्या सायकलीसाठी मी एवढंच करायचो, पण त्याचा मला अभिमान होता. शेवटचे दोन महिने ती म्हणत होती, "अहो, मागे काहीतरी किरकिरतंय."

"बघतो."

"जगाच्या पंपांना वेळ आहे तुम्हाला. आता मीच पंप होते, म्हणजे बघाल."

मी हसलो होतो. बघितलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात बुधवारी मुलगी नोकरीच्या गावाहून सुट्टी काढून आली. म्हणाली, "रविवारी आईच्या ग्रुपबरोबर टेकडीवर जाणार. आईच्याच सायकलवर." ती खाली चक्कर मारायला गेली आणि पाच मिनिटांत परत आली.

"बाबा, मागचं चाक डुलतंय. असं मी टेकडीवरून उतरले तर थेट तुझ्या मांडीवर येऊन पडेन."

मी सीट धरून सायकल उचलली. सीट दोन सूत, पाव इंचभर वर आली, आणि मग चाक उचललं गेलं. मागचा सांगाडा ज्या सांध्यांवर हलतो, ते झिजले होते.

स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरून आम्ही सायकल उघडली. चाक आणि मागचा ब्रेक काढला, शॉकचा बोल्ट काढला, मागचा सांगाडा सोडवला. सांध्यांमध्ये मिळून आठ बेअरिंगं होती. पहिलं ठोकून बाहेर काढलं तर त्यातून तपकिरी पाणी आलं.

"एवढं पाणी कुठून शिरलं?" मुलीने विचारलं.

"मीच घातलं. फवाऱ्याने."

ती बेअरिंग बोटावर फिरवायला बघत होती. ते फिरत नव्हतं. "आईला माहीत होतं," ती म्हणाली. "जोराच्या पाण्याने धुवायची नाही, हे मला तिनेच सांगितलं होतं."

"मग मला का नाही बोलली?"

"तू दर रविवारी पाईप धरून फाटकात उभा असायचास, बाबा. काय बोलणार ती?"

मी उठून हात धुतले. काम अर्धंही झालं नव्हतं तरी धुतले. मग परत येऊन बसलो.

शुक्रवारी दुकानातून आठ नवी बेअरिंगं आणली. शनिवारी सकाळी बसवायला घेतली. लांब बोल्ट आरपार घालायचा, दोन्ही बाजूंना वॉशर लावायचे आणि हळूहळू आवळत बेअरिंग खोबणीत ओढून घ्यायचं. ठोकायचं नाही. पंपात बेअरिंग दांड्यावर चढवतात, म्हणून जोर आतल्या कड्यावर देतात. इथे ते खोबणीत बसतं, म्हणून जोर बाहेरच्या कड्यावर द्यायचा, मोठा वॉशर लावून. सात बेअरिंगांना मी हे लक्षात ठेवलं.

आठवं, मुख्य सांध्याचं उजवीकडचं, घेतलं तेव्हा मुलगी आईची गोष्ट सांगत होती. पहिल्याच रविवारी आई झुडपात पडली, आणि ग्रुपमधले धावत आले तर तिथूनच म्हणाली, "मी पडले नाही, बसलेय." मला हसू आलं. सात महिन्यांत असा हसलो नव्हतो. हसता हसता चाळीस वर्षांच्या सवयीने हाताने आतल्या कड्यावर बसणारा लहान वॉशर उचलला. मी आवळलं. कट्ट असा बारीक आवाज आला.

बोटाने फिरवलं तर खरखरत होतं.

"गेलं का?" तिने विचारलं.

"गेलं. नवं मागवावं लागेल. दुकानदाराकडे आठच होती."

"म्हणजे उद्याचं राहिलं."

"राहिलं. चूक माझी आहे."

मला वाटलं, आता ती उठेल आणि बॅग भरेल. तिने जमिनीवरचे वॉशर गोळा केले, लहान वेगळे केले आणि माझ्या शर्टाच्या खिशात टाकले. "हे तुझ्या पंपांचे. पुढच्या शनिवारी येते. तोवर एकट्याने लावत बसू नकोस. शेवटचं मी आवळणार."

बेअरिंग काल, बुधवारी आलं. आज गुरुवार आहे. सायकल अजून स्वयंपाकघरातच आहे, आणि मी तिला वळसा घालून चहा करतो. मुख्य सांध्याचं उजवीकडचं बेअरिंग बसवायचं आहे. शॉकचा बोल्ट, चाक आणि मागचा ब्रेक लावायचा आहे.