माइकची उंची

चार वर्षांपूर्वी आलेल्या एका पत्राला मी उत्तर दिलं नाही. पत्र फार सभ्य होतं, म्हणून तर जास्त पंचाईत झाली.

आमच्या गाण्याच्या हॉलचा इतिहास मी लिहिला होता. तीस वर्षं तिथल्या तिकीट खिडकीत बसून पुस्तकं वाचणारा माणूस मी. दुसरं कोणी तयार होईना म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. पहिला कार्यक्रम एका नामांकित गायिकेचा झाला, असं मी त्यात लिहिलं. पत्र पाठवणाऱ्या बाईने लिहिलं होतं, 'त्या दिवशी गायिकेचा आवाज बसला आणि ऐनवेळी माझी आई उभी राहून गायली. उंचीला ती अगदी कमी, माइक खाली घ्यावा लागला. आता ती ऐंशीची आहे. आपलं नाव एकदा त्या पुस्तकात बघायचंय तिला.'

माझ्याकडे कार्यक्रमाचं छापील पत्रक होतं. बाईंना खोटं म्हणायची माझी छाती नव्हती आणि छापलेलं खोटं मानायचीही नव्हती. पत्र शब्दकोशात ठेवलं, शब्दकोश वरच्या फळीवर.

यंदा हॉलला साठ वर्षं झाली आणि पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघायची ठरली. मुद्रितं घेऊन मी हॉलच्या साउंडवाल्याकडे गेलो आणि पत्राची गोष्ट कशीबशी सांगून टाकली. हातातली वायर खाली ठेवून तो मला विंगेतल्या भिंतीपाशी घेऊन गेला. भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा, प्रत्येकीपुढे तारीख. कोणाचा माइक किती उंच लावला ते तो टिपून ठेवतो, त्याच्याआधी त्याचे वडील ठेवत; कलाकार पुन्हा आला की विचारायला नको. सर्वांत जुनी रेघ उद्घाटनाची, माझ्या छातीपाशी. दोन महिन्यांनी त्या नामांकित बाई खरोखर आल्या, त्या तारखेची रेघ चांगली वीतभर वर.

"मास्तर, पत्रक आठ दिवस आधी छापतात," तो म्हणाला.

तीस वर्षं ती पत्रकं खिडकीतून मीच वाटत होतो.

घरी आल्यावर बायकोने सगळं ऐकून घेतलं, पत्रातला नंबर बघितला आणि मी नको म्हणायच्या आत फिरवलाही. फोन पत्रातल्या त्या आईनेच उचलला. चौऱ्याऐंशीची बाई, पण आवाज मला खुर्चीत बसून ऐकू येत होता.

"विचारत होत्या, लेखकाचा हात मोडलाय का," बायको म्हणाली. "मी म्हटलं, हात धड आहे, स्वभावाचंच काही खरं नाही."

मी लिहायला बसलो. आधी तीन पानं नुसती माफी झाली, ती फाडली. मग लिहिलं: 'पहिला कार्यक्रम तुमचा होता. चूक माझी. दुरुस्त केलेलं पान सोबत आहे.' एरवी असा मजकूर मी आठवडाभर घासत बसलो असतो. या वेळी पाकिटावर थेट आईचंच नाव घातलं, चपला घातल्या आणि कोपऱ्यावरच्या पेटीत पत्र टाकून आलो.