अठ्ठावीस नंबरचा खांब

अकरा मिलिमीटर.

वाटीत तसंच निवलेलं, वाढदिवसाचं समुद्री शेवाळाचं सूप.

संपादकांच्या कोटाला स्वतःच्या हाताने फूल लावणारे नवे मालक, फोटोत.

"बाल्कनीतून समुद्र दिसतो, खरंच," विक्री कार्यालयातली मुलगी.

बांग सुहाच्या डोक्यात हे सगळं एकदमच होतं. तळघरातल्या अठ्ठावीस नंबरच्या खांबाची भेग तिने स्वतः मोजली होती. सोमवारपासून त्या इमारतीत तीनशे कुटुंबं राहायला येणार होती. आणि ती बांधणाऱ्या कंपनीनेच सुहाचं दैनिक विकत घेतलं होतं.

"भेगा पडतातच गं," संपादक प्यो म्हणाले. "माझ्या गुडघ्यालाही आहे."

"तुमच्या गुडघ्यावर तीनशे कुटुंबं राहत नाहीत, साहेब."

त्यांनी बातमी दाबून टाकली.

दुपारी सुहाने मजकूर, फोटो, सगळं युनजूताईला पाठवलं. ताई समोरच्या, स्पर्धक दैनिकात. पालिकेच्या पत्रकार कक्षात दोघींनी आठ वर्षं एकमेकींच्या बातम्या पळवल्या होत्या.

"माझं नाव नको, ताई. फक्त छाप."

"जेवलीस का?" एवढंच विचारून ताईने फोन ठेवला.

तासाभरात प्योंनी सुहाला बोलावलं. त्यांच्या पडद्यावर तिचाच मजकूर होता.

"समोरचं दैनिक आपल्या मालकांच्या जावयाने महिन्यापूर्वीच घेतलंय. पत्रकार ना तू?"

पालिकेची एकेक निविदा तिला पाठ होती. समोरचा मालक कोण, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं.

शनिवारी, ताब्याआधीची पाहणी. लोक आपापल्या घरात दोष शोधून तिथे लाल चिठ्ठ्या चिकटवत होते. वाकडं दार, चिठ्ठी. फुटकी फरशी, चिठ्ठी. तळघरात कुणीच उतरत नव्हतं. ते कुणा एकाचं नव्हतं.

सुहा जिन्यापाशी उभी राहिली. "काकू, गाडी कुठे लावणार ते पाहिलंत?"

"कंपनीच्या का तुम्ही?"

"हो," सुहा म्हणाली. खोटंही नव्हतं.

काकूंमागे आणखी चौघं उतरली. त्यांच्यामागे वॉकीटॉकीवर बोलत सुरक्षारक्षक. काकूंनी भेगेत करंगळी घातली, नखापर्यंत गेली.

"खाली यायला मनाई आहे," रक्षक म्हणाला. "कोणी आणलं तुम्हाला?"

काकूंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. पर्समधून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढून पहिली खांबावर दाबून लावली, आणि गठ्ठा मागच्या माणसाकडे दिला. दुपारपर्यंत हात पोचेल तिथवर खांब लाल झाला होता.

हे छापायला गेल्या जानेवारीपर्यंत या शहरात तिसरंही एक दैनिक होतं.