तुमच्या जागी कोण?

"खुर्ची आमाले देल्ली, पन पंखा सोताकडेच ठेवला बाईनं," गोदाबाई माझ्या पाठीमागे कुरकुरल्या. कापसातला कचरा वेचणाऱ्या बायांमध्ये त्या सगळ्यात जुन्या. मी पंखा त्यांच्याकडे वळवला.

बोंडअळीचं साल होतं. धामणगाव रेल्वे गावातल्या एका जिनिंग कारखान्यात कापूस निम्माच येत होता आणि मालकांना माणसंही निम्मीच हवी होती. असं तोंडानं कोणी म्हणत नाही, त्यासाठी मला बोलावतात. अकोल्यात टायपिंगचे क्लास घेता घेता, पुस्तकं वाचून मी हा धंदा शिकले. कार्डावर 'टॅलेंट स्ट्रॅटेजी व डिजिटल परिवर्तन सल्लागार' असं छापलंय. आई ते पाहुण्यांना दाखवते आणि कोणी अर्थ विचारला की चहा ठेवायला उठते.

टॅबवर प्रत्येकाचा फॉर्म भरायचा होता. उस्मानभाई तीस वर्षांपासून कापसाची प्रत ठरवत होते. आलेल्या गाडीत कोपरापर्यंत हात खुपसून मूठभर कापूस काढायचे, चिमटीत धागा ताणून बघायचे, मग सरकी दाताखाली धरायचे.

"कडकन फुटली तं सुका, दबली तं वला." एक मलाही दिली. मी चावली. "झाल्या म्याडम ग्रेडर!" सगळे हसले, मीही.

शेवटचा प्रश्न होता: तुमच्या जागी हे काम कोण करू शकेल?

"कोनीबी करन. ह्या गोदाबाईबी करतीन. आपलं काय मोठं हाय त्याच्यात?"

आमच्याकडे स्वतःची तारीफ स्वतः करत नाहीत. दिवसभर खपून केलेल्या पुरणपोळ्या वाढताना माझी आई 'जरा बिघडल्याच' म्हणते, आणि त्या कधीच बिघडलेल्या नसतात. तरी मी 'कोणीही'वर बोट टेकवलं. अहवाल शुक्रवारी द्यायचा होता.

दोन महिन्यांनी ओलावा आणि धाग्याची लांबी मोजणारं यंत्र आलं. त्याच्यापाशी एकच माणूस ठेवायचा होता, आणि माझ्या अहवालाप्रमाणे तिथं कोणीही चालणार होतं. मॅनेजर खुशालरावांनी मलाही बोलावून सगळ्यांसमोर उस्मानभाईंना शाल-नारळ दिला. "तीस वर्षं राबले. आता त्यांना जरा आराम." टाळ्या झाल्या, पेढे वाटले.

उस्मानभाई शाल सावरत माझ्याकडे आले. "मायं नाव तुमीच वर सांगतलं असन, म्याडम. मेहरबानी. सोमवारी किती वाजता येऊ? ते मशीन शिका लागन मले."

खुशालराव मोबाइल बघू लागले. मी पेढ्याच्या कागदाची घडी घालत राहिले. बाकीचे इकडेतिकडे बघत होते.

"येऊ नका, उस्मानभाऊ," गोदाबाई म्हणाल्या. "काढलं तुमाले."

ते हसले, मग एकेकाच्या तोंडाकडे बघत गेले.

गोदाबाई माझ्याकडे वळल्या. "'कोनीबी करन' हे ते तं रीतीनं बोलले व्हते, बाई. तुमी बी इकडच्याच, अकोल्याच्या. तुमाले नाई समजलं काय?"

"समजलं होतं," मी म्हटलं.