जावेच्या काचखोलीची फरशी

धाकट्या जावेनं घरामागे काचेची खोली बांधली तेव्हाच माझ्या पोटात दुखायला लागलं होतं. लपवून काय करू? छत काचेचं, तीन बाजूंना काचा, आत कुंड्या आणि वेताच्या खुर्च्या. त्या खोलीत दगडी फरशी बसवायचं काम आलं आमच्या ह्यांच्याकडे. हे फरशीवाले, आणि मी गेली बारा वर्षं ह्यांच्या हाताखाली.

बारा वर्षांत ह्यांनी मला एकदाही ‘छान केलंस’ म्हटलेलं नाही. एवढंच हवं होतं हो मला, दुसरं काही नाही. आणि इथं? राणीसरकार दारात उभ्या राहून विचारतात, “दादा, हा तांबूस दगड कुठं येईल?” की हे लगेच, “तू सांगशील तिथं!” सगळ्या फरश्या आधी नुसत्या मांडल्या, उचलल्या, पुन्हा मांडल्या. का, तर तो तांबूस दगड बाईसाहेबांच्या खुर्चीसमोर यावा. मग सपाटी बघायची पाणसळ ठेवून, एक डोळा मिटून, तासभर बघत बसले. आमच्या स्वयंपाकघरातली फरशी चार वर्षं हलतेय, ती मात्र ह्यांना दिसत नाही.

सांधे भरून झाले तेव्हा तिनं टाळ्याच वाजवल्या. “दादा, तुमच्या हातात जादू आहे!” आणि हे चक्क लाजले. पन्नाशीचा बाप्या लाजतोय! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सांधे पुसले मी, गुडघे सोलले माझे, आणि जादू म्हणे ह्यांच्या हातात.

राहिलं होतं सीलर. ते लावलं की दगड डाग धरत नाही. पण खाली ओल राहिली असेल तर दगड पांढरट पडतो. म्हणून आम्ही आदल्या दिवशी चार ठिकाणी प्लॅस्टिकचे तुकडे कडेनं घट्ट चिकटवून ठेवतो. सकाळी उचलायचे. खाली पाण्याचे थेंब दिसले तर थांबायचं.

सकाळी हे सीलर ढवळत बसले होते. तुकडे मी उचलले. तीन कोरडे. चौथ्याखाली, नेमक्या त्या तांबूस दगडावर, बारीक बारीक थेंब.

मी बाहीनं पुसून टाकले.

“कोरडं आहे,” मी म्हणाले.

हे ब्रश घेऊन कामाला लागले. मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

दोन दिवसांनी जावेचा फोन आला. जाऊन बघतो तर तांबूस दगड आणि आजूबाजूचे सहा, दूध सांडल्यासारखे पांढरे. ती रडकुंडीला आली होती. क्षणभर मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

धाकटे दीर म्हणाले, “दादा, ओल नीट तपासली होती ना?”

“ओलीचं नावच काढू नकोस,” हे म्हणाले. “हिनं बघितलंय. बारा वर्षांत हिचा शब्द एकदाही खोटा निघाला नाही. ही कोरडं म्हणाली की मी हात लावूनसुद्धा बघत नाही. सीलर ढवळताना माझंच काहीतरी चुकलं.”

बारा वर्षं जे ऐकायला कान आसुसले होते ते ऐकलं, तेही असं.

मग तीन दिवस हे गुडघ्यांवर बसून ते सीलर काढत होते. त्या उग्र वासानं डोळे लाल झालेले. जाऊ येऊन तोंड पाडून बघायची आणि हे प्रत्येक वेळी तिची माफी मागायचे. तिसऱ्या दुपारी ती आत गेली आणि मला राहवेना.

“अहो, त्या दगडाखाली ओल होती. थेंब होते. मीच पुसले.”

ह्यांचा हात थांबला. “का?”

“तिला सारखं विचारत होतात. मला कधी काही विचारलं नाहीत.”

“गिऱ्हाईक आहे ती,” हे म्हणाले. “तिला विचारावं लागतं. तुला काय विचारायचं?”

एवढं बोलून पुन्हा घासायला लागले. ओरडले असते तर बरं झालं असतं. दीर-जावेला शेवटपर्यंत खरं सांगितलं नाही, चूक स्वतःवरच घेतली.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या घरी काम होतं. सकाळी मी सवयीनं प्लॅस्टिक उचलायला वाकले.

“राहू दे,” हे म्हणाले. “मी बघतो.”