मालिनीचं नाव

नम्रताच्या कॉम्प्युटर क्लासात पंख्याखाली बसताच मालिनीचे डोळे मिटायला लागले. पहाटेपासून चुलीपुढे उभं राहून आंब्याचा रस आटवला होता, ताटं उन्हात घातली होती, आणि आता धंद्याच्या वेबसाइटचं नाव ठरवायचं होतं.

लेबलांवर ‘देवदत्त आंबापोळी’ असं छापलेलं असे. देवदत्त तिचा नवरा. तो गेल्यावर तिनेच हा धंदा उभा केला, आणि सासऱ्यांनी, आप्पांनी, त्याला मुलाचं नाव दिलं. तेव्हा ती काही बोलली नव्हती. बोलायचं त्राणच नव्हतं.

“काकू, हे नाव कुणीतरी आधीच घेतलंय,” नम्रता म्हणाली. “मधे एक इंग्रजी ए वाढवला तर मिळेल.”

“वाढव.”

“पण गिऱ्हाइकाला तो ए कळणार कसा? कुणाला तरी फोनवर सांगून बघा.”

मालिनीने देवरूखला नणंदेला फोन लावला. “वन्सं, देवदत्त इंग्रजीत लिहा नि मला वाचून दाखवा बघू.”

आनंदीबाईंनी सख्ख्या भावाचं नाव लिहिलं, खोडलं, पुन्हा वेगळंच लिहिलं. “अगो, तो स्वतःच दर वेळी निराळं लिहायचा,” त्या म्हणाल्या. मालिनीने फोन ठेवला.

मग ती म्हणाली, “माझं घाल. मालिनी. पुढे मँगो जोड.”

नम्रताने टाइप केलं. “मोकळं आहे! छोटंय, ऐकून कुणीही लिहील. घेऊ?”

“घे.”

आनंद होईल असं वाटलं होतं. झाला नाही.

घरी आप्पा ओटीवर वाटच बघत होते. “मिळालं नाव?”

“मिळालं. मालिनी मँगो.”

आप्पांचा आवाज चढला. “देवदत्त कुठेच नाही त्यात?”

“नाही, आप्पा.”

तो जास्तीचा ए, लोकांच्या चुका, सगळं समजावून सांगता आलं असतं. पण तेवढंच कारण सांगणं खोटं झालं असतं. “तो गेल्यापासून मी राबत्ये,” ती म्हणाली. “मला माझं नाव हवं होतं.”

आप्पा काठी टेकत उठले, अंगणात गेले, ताटांवरचं वाऱ्याने सरकलेलं फडकं नीट केलं.

“जेवून घे आधी,” ते तिच्याकडे न बघताच म्हणाले. आवाजातला राग गेला नव्हता.

मालिनी ‘हो’ म्हणाली, आणि न जेवताच तिथेच ओटीवर सारवलेल्या जमिनीवर आडवी झाली. गार वाटलं. आप्पांनी पुन्हा हाक मारली, ती झोपेत तिला ऐकू गेली नाही.