सातघऱ्यांचं पडेल गाणं

हरी सातघऱ्यांनी एकही पडेल गाणं केलेलं नाही, असं मी बावीस वर्षं छातीठोकपणे सांगत आलो. मुरबाडच्या स्टँडवर एकदा यावरून एका कंडक्टरशी इतकी जुंपली, की त्या नादात धसईची गाडी निघून गेली. मग भाजीच्या टेम्पोत काकडीच्या गोण्यांवर बसून घरी आलो. रस्ताभर मीच बरोबर होतो.

सातघरे सिनेमाला संगीत देतात. मी कारखान्यात पहिल्या पाळीला जातो आणि लग्नसराईत आमच्या बेंजो पार्टीत बेंजो वाजवतो. पार्टी कोंडूची, तो ढोलकीवर असतो. नवं गाणं आलं की मोबाइलवर तीन-चारदा ऐकायचं, त्याची सरगम वहीत उतरवायची आणि रविवारी पोरांकडून बसवून घ्यायची, हे माझं काम. कुठलं गाणं घ्यायचं आणि कुठलं नाही, तेही मीच ठरवतो. सातघऱ्यांचं असलं तर ठरवायला काही नसायचंच. म्हणून तर हळदीची सुपारी घेऊन येणारे आम्हाला 'सातघऱ्यांची पार्टी' म्हणतात.

घरात मात्र माझी डाळ शिजायची नाही. बायको, स्नेहल, भाकऱ्या थापता थापता निकाल द्यायची.

"हे तुमच्या सातघऱ्यांनी भात शिजंपर्यंत केलंय."

"अगो, दुसऱ्या अंतऱ्यात बासरी काय हाय ती ऐक."

"बासरी चांगलीय. गाणं नाय."

मी चिडायचो. मागे व्हायोलिन कसं येतं, ढोलकी कुठे मुद्दाम थांबते, सगळं समजावून सांगायचो. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "थोर हायेत हो, मी कुठं नाय म्हणते? आता जेवायला बसा." आमची मुलगी कुणाली नेहमी माझ्या बाजूने. म्हणजे दोघं विरुद्ध एक, आणि तरी ताटावर बसताना आम्हीच हरलेले असायचो. स्नेहललाही सातघऱ्यांची कितीतरी गाणी आवडायची, हे मी मुद्दाम विसरायचो. भांडणात ते सोयीचं नव्हतं.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी स्नेहलला कावीळ झाली. मुरबाडला दाखवलं, मग ठाण्याला नेलं. अकराव्या दिवशी ती गेली.

मी रडलो नाही. वाटलं, कामं उरकली की रडू येईल. दहावं झालं, तेरावं झालं, पाहुणे गेले, कामं उरकली. काही आलं नाही. लोक म्हणाले, शेखर खंबीर आहे. खंबीर कसला? दाढ काढायच्या आधी सुई टोचतात आणि गाल आपला वाटत नाही, तसा मी सगळाच्या सगळा झालो होतो. जेवायचो, कामावर जायचो, पाळी संपली की परत यायचो. चहात साखर पडलेली नाही, हे कुणालीने स्वतःचा कप तोंडाला लावल्यावर कळायचं.

कुणाली बारावीला आहे. ती कॉलेजला जायची, स्वयंपाक करायची, मैत्रिणींशी फोनवर हसायची. पोर सावरली म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं, पण वाटायला हवं एवढं समजत होतं.

जानेवारीत सातघऱ्यांचं नवं गाणं आलं. चार वर्षांनी त्यांचा सिनेमा येत होता. कुणाली मोबाइल घेऊन ओटीवर धावत आली.

"पप्पा, आलं! काय गाणं हाय! माझ्या अंगावर काटा आला, बघा."

मी ऐकलं. बासरी होती. ढोलकी होती. मध्ये एक जागा अशी होती, की एरवी मी मांडीवर थाप मारून 'आई शप्पत' म्हणालो असतो. सगळं जागच्या जागी होतं आणि मला काही झालं नाही. पुन्हा ऐकलं. आणखी दोनदा ऐकलं.

"पडेल हाय," मी म्हणालो. "म्हातारे झाले सातघरे. संपले."

कुणाली बघतच राहिली. "तुमी बोलताय हे?"

"जे हाय ते हाय."

"दुसरा अंतरा तरी ऐका ना. ती बासरी ऐका."

"बासरी चांगलीय. गाणं नाय."

बोलून गेल्यावर कळलं, हे वाक्य कोणाचं आहे. कुणालीलाही कळलं. ती मोबाइल घेऊन आत गेली आणि बराच वेळ नुसती भांडी वाजत राहिली.

रविवारी कोंडूला सांगितलं, नवं गाणं घ्यायचं नाही. त्याने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

"ताप नाय ना रे तुला? सातघऱ्यांचं हाय ते."

"मला माहितेय कोणाचं हाय."

"अरे, पोरं येडी झालीत त्या गाण्यापायी."

"मग पोरांना बसवायला सांग! मला गाण्यातलं नको शिकवू."

आवाज चढला. राग आला नव्हता, सवयीने चढला. हळदीच्या मंडपात लोक नाचणार की खुर्च्यांवर बसून राहणार, हे माझ्या कानाने आधी सांगितलेलं कधी चुकलं नव्हतं, म्हणून कोंडूने ऐकलं.

खरं सांगायचं तर गाणं पडेल असणं मला परवडत होतं. सातघरे संपले असतील तर माझं काही बिघडलेलं नाही. जुनी गाणी मात्र मी लावून बघत नव्हतो. तेवढं धाडस नव्हतं.

फेब्रुवारीत टोकावड्याला रविना नावाच्या मुलीची हळद होती. ऊन उतरल्यावर आम्ही सामान लावलं. मागे कोणीतरी कुजबुजलं, "बायकोला वर्ष नाय झालं, आन हा वाजवायला आला." मी ऐकलं आणि बेंजो सुरात लावत बसलो. एरवी अशा माणसाला मी जागच्या जागी सोलून काढला असता.

चार-पाच गाणी झाली. मग नवरी स्वतःच म्हणाली, "काका, सातघऱ्यांचं नवीन वाजवा ना."

कोंडूने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "बसवलेलं नाय."

मंडपात हशा पिकला. नवरीचा मामा ओरडला, "सातघऱ्यांची पार्टी, आन सातघऱ्यांचंच गाणं नाय? मंग तुमाला बोलावलं कशाला?" कोंडूचं तोंड पार उतरलं. ही सुपारी त्याने याच गाण्याच्या भरवशावर घेतली होती आणि मला तसं बोलला नव्हता. तो बिचारा पाण्याची बाटली उघडून उगाच पाणी पीत राहिला.

मग मी वाजवायला घेतलं. चारदा ऐकलेलं गाणं बोटांना पुरे असतं. दुसऱ्या ओळीला कोंडू ढोलकी घेऊन मागे आला, तिसऱ्या ओळीला पोरं आली आणि मंडप उठला. पिवळ्या हातांची रविना पाटावरून उठून नाचायला लागली. तिची आजी, गुणाबाई, भिंतीला टेकून बसली होती. तीही नातीचा हात धरून उभी राहिली. मधली ती जागा आली आणि अख्ख्या मंडपाने एकदम आरोळी ठोकली. गाणं तीनदा वाजवायला लावलं. तिसऱ्या वेळी गुणाबाई पदराने डोळे पुसत नाचत होती.

माझं बोट एकदाही चुकलं नाही. मी समोर बघत होतो आणि मला स्पष्ट दिसत होतं, की गाण्यात काही कमी नाही. जे काही मेलं आहे ते माझ्यात आहे. हे कळलं आणि त्याचंही काही वाटलं नाही. कोंडू मात्र खुशीत होता. सामान बांधताना म्हणाला, "कानाला दडा बसलाय तुझ्या. बाकी हात झ्याक हाय."

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळी उठून मी जुनी गाणी लावली. ज्याच्यावरून कंडक्टरशी भांडलो होतो, तेही लावलं. सात गाणी एकामागून एक ऐकली. विहिरीवरचा पंप लांबून ऐकू यावा, तशी सगळी एकसारखी.

कुणाली मागच्या पडवीत सुपात तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर जाऊन बसलो.

"तुझं बरोबर होतं. गाणं चांगलं हाय."

ती तांदूळ निवडतच राहिली.

"मलाच ऐकू येत नाय, कुणाली. म्हंजे कानाला येतं. पुढं जात नाय. आत्ता जुनी लावली होती, ती पण नाय."

तिचे हात थांबले. ती सुपाकडे बघत म्हणाली, "मला तरी कुठं कळतंय ते चांगलंय का."

"म्हंजे? तुझ्या अंगावर काटा आला होता ना?"

"नव्हता आला." एक खडा उचलून तिने बाहेर फेकला. "माझी मैत्रीण सुरेखा, तिने पाठवलं होतं. तिने लिहिलं होतं, काटा आला. म्हटलं, तुमाला तरी बरं वाटेल."

"कधीपासून असं होतंय?"

"आई गेल्यापासून."

"आन फोनवर हसतेस ते?"

"तुमी बघत असता ना, म्हणून."

सहा महिने. एका घरात, एका चुलीवरचं खात, मी हिच्याकडे बघून म्हणत होतो पोर सावरली, आणि ही माझ्याकडे बघून हसत होती. सतरा वर्षांची पोर. तेव्हा दुखलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी दुखलं, आणि ते इतकं जोरात होतं की मी पडवीचा खांब धरला.

तिने तांदळात पुन्हा बोटं घातली, पण निवडत काही नव्हती.

"पप्पा, ते गाणं खरंच चांगलं हाय का?"

"लोक नाचले."

"लोकांचं जाऊ दे. आई काय म्हणाली असती?"

मी सांगायला तोंड उघडलं. इतकी वर्षं तिच्याशी भांडलेला माणूस मी. तिने नाक मुरडलं असतं, की काही न बोलता हात थांबवून शेवटपर्यंत ऐकलं असतं, हे मला ठाऊक असायला हवं होतं. मी गाणं पहिल्यापासून मनात वाजवून बघितलं आणि प्रत्येक ओळीला स्नेहलकडे बघितलं. ती काहीच बोलत नव्हती.

"नाय माहीत गो," मी म्हणालो, आणि एवढ्यात मला रडू फुटलं. कुणालीने सूप बाजूला सारलं.