दोन याद्या, एक खिडकी

लुसाकातल्या आमच्या शाळेत परदेशी मास्तरांच्या दोन याद्या असतात, आणि दोन्ही कचेरीत बसून मीच टाइप करते. एक एक्स्पॅटांची, म्हणजे परदेशाहून कामाला आलेल्यांची, दुसरी स्थलांतरितांची. पहिल्या यादीत सगळे गोरे. दुसरीत काँगोचे, मलावीचे, झिंबाब्वेचे. पहिलीतल्यांना राहायला बंगला, आणि त्यांची मुलं शाळेत फुकट शिकतात. दुसरीतल्यांना नाताळला एक कोंबडी.

कालेंगा सर काँगोतल्या लुबुंबाशीहून आले त्याला बारा वर्षं झाली. आमची पोरं गणितात पास होतात ती त्यांच्या जिवावर. यंदा त्यांची मुलगी म्वादी आठवीत जाणार होती. फी झेपणारी नव्हती, म्हणून त्यांनी सवलतीचा अर्ज दिला.

"सवलत एक्स्पॅटांना असते," मुख्याध्यापिका हार्कनेसबाई म्हणाल्या.

"मीही परदेशातूनच आलोय, बाई."

"हो, पण तुम्ही बसने आलात."

टोबी विमानाने आला होता. पाठीवर एक पिशवी, पायात चपला. फिरायला म्हणून आला, मुलांना पोहायला शिकवायला लागला, आणि आठवड्याभरात त्याचं नाव पहिल्या यादीत घालायचा हुकूम मला सुटला. मीही निमूट घातलं. इतकी वर्षं मी अक्कल गहाणच ठेवली होती म्हणा ना.

मंगळवारी परदेशी लोकांचे परवाने तपासणारा सरकारी साहेब आला. आमच्याच गावाकडचा, माझ्याच भाषेत बोलणारा. त्याने यादी मागितली ती दुसरी. कालेंगा सरांना भर तासातून उठवून आणलं. सरांनी मक्याच्या पिठाच्या पोत्याची शिवलेली पिशवी उघडली. आत बारा वर्षांचे परवाने, ओळीने लावलेले, इस्त्री केलेले. साहेब एकेक कागद उजेडाकडे धरून बघत बसला.

शेजारी टोबी चहा पीत होता. साहेबाने त्याच्यापुढे गुडघे जरा वाकवले, थोरामोठ्यांसमोर वाजवतात तशी दोनदा हलकी टाळी वाजवली आणि मालकाला म्हणावं तसं म्हणाला, "काय ब्वाना, बरं आहे ना?"

माझं डोकंच फिरलं.

"साहेब, टाळ्या वाजवून झाल्या असतील तर त्यांचाही परवाना बघा."

"अहो ताई, ते एक्स्पॅट आहेत."

"असू देत. परवाना बघा."

टोबीने कप खाली ठेवला. "मला वाटलं, तो त्या दुसऱ्या लोकांना लागतो," असं तो अगदी भोळेपणाने म्हणाला. आता चारचौघांत विषय निघालेला, साहेबाला कानाडोळा करता येईना. त्याने पडलेल्या चेहऱ्याने सांगितलं, उद्या दुपारपर्यंत अर्ज भरा, नाहीतर देश सोडा.

हार्कनेसबाईंची तारांबळ उडाली. कुठला फॉर्म, कुठली खिडकी, त्यांना कधी बघावंच लागलं नव्हतं. शेवटी त्या कालेंगा सरांकडे वळल्या.

"तुम्ही टोबीबरोबर जाल का? तुम्हाला सवय आहे."

सरांनी पिशवीची नाडी सावकाश बांधली. "जाईन की. आधी म्वादीचं नाव पटावर घाला."

"अहो, तो नियम एक्स्पॅटांसाठी आहे."

"मग एखादा एक्स्पॅट पाठवा त्याच्यासोबत."

 मी प्रवेशाचा फॉर्म बाईंपुढे सरकवला आणि पेनाचं टोपण काढून दिलं. त्यांनी सही केली. पालक कोणत्या यादीतले, या रकान्यात मात्र बराच वेळ पेन अडून राहिलं, आणि मग त्यांनी लिहिलं, 'अपवाद'. 'एक्स्पॅट' हा शब्द काही हातून उतरेना.

मी तोंड उघडणार, तोच सर म्हणाले, "राहू द्या हो. पोरीला वर्गात बसायचंय, रकान्यात नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून दोघं रांगेत उभे राहिले. दुपारी टोबी कचेरीत आला तो उन्हाने लालबुंद होऊन.

"काय गर्दी असते हो तिथे त्या स्थलांतरितांची," तो म्हणाला.

"तुमचा नंबर कितवा होता?" मी विचारलं.

"त्रेसष्टावा."

मी दुसरी यादी उघडली आणि तळाशी त्याचं नाव टाइप केलं.